कॅप स्पेस दिसते तेवढी नसते: एनबीए संघाचा उन्हाळ्यातला हिशेब

प्रश्न असा आहे: एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या एखाद्या संघाच्या पगारपत्रकात तीन-चार कोटी डॉलर मोकळे दिसतात, तरी जनरल मॅनेजर म्हणतो की हात बांधलेले आहेत. दुसरीकडे कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, कितीतरी वर असलेला संघ आपल्याच खेळाडूला पाच वर्षांचा मोठा करार देऊन मोकळा होतो. मग कॅप स्पेस मोजायची कशी, आणि उन्हाळ्यात कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं हे ठरतं कसं?

एका शब्दात सांगायचं तर क्रमाने. खेळाडू तेच, करार तेच, रकमाही त्याच असतात, पण कोणाची सही आधी आणि कोणाची नंतर यावर सगळं बसतं किंवा फसतं. त्यामुळे कॅप स्पेस ‘किती आहे’ यापेक्षा ती ‘कधी आहे’ हे आधी विचारावं.

आयपीएल पाहणाऱ्याला कॅप म्हटलं की पर्स आठवते. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते, ते संपले की विषय संपला. एनबीएची कॅप तशी कडक नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी कॅप १५.४६ कोटी डॉलर, लक्झरी टॅक्सची (जादा पगारावर लीगला भरायचा दंडवजा कर) रेषा १८.७९ कोटी, आणि तिच्याही वर निर्बंध आणणाऱ्या दोन रेषा: पहिला एप्रन १९.५९ कोटी आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटी. खालच्या बाजूलाही एक रेषा आहे: कॅपच्या ९० टक्के, म्हणजे १३.९२ कोटी, एवढा खर्च प्रत्येक संघाने करायलाच हवा. कॅप ओलांडायला बंदी नाही, मात्र ओलांडायची तर नियमांत लिहिलेली एखादी सवलत वापरावी लागते. लीगमधले बहुतेक संघ वर्षभर कॅपच्या वरच असतात. त्यांना कॅपची नव्हे, वरच्या तीन रेषांची चिंता असते.

आता मोजणी. संघाची ‘टीम सॅलरी’ म्हणजे नुसती चालू करारांची बेरीज नव्हे. तिच्यात सोडून दिलेल्या खेळाडूंची देणी येतात, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूची सही झाली नसली तरी त्याच्या ठरलेल्या श्रेणीच्या १२० टक्के रक्कम येते, आणि करार संपलेल्या आपल्या प्रत्येक खेळाडूपोटी एक आकडा धरला जातो. त्याला कॅप होल्ड म्हणतात. नवशिक्यांचा हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. खेळाडूचा करार ३० जूनला संपला म्हणून त्याचा पगार हिशेबातून जात नाही, उलट फुगतो. पूर्ण बर्ड हक्क (आपल्याच खेळाडूला कॅपच्या वर जाऊनही ठेवण्याचा हक्क, तपशील पुढे) असलेल्या खेळाडूचा मागचा पगार लीगच्या सरासरीच्या वर असेल तर होल्ड त्या पगाराच्या १५० टक्के, खाली असेल तर १९० टक्के. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पहिलाच करार संपला असेल तर हेच आकडे २५० आणि ३०० टक्के होतात. त्याच हक्काचे कमी ताकदीचे प्रकार म्हणजे अर्ली बर्ड आणि नॉन-बर्ड: त्यांना १३० आणि १२०. होल्ड त्या खेळाडूच्या कमाल पगाराच्या (नियमांनुसार त्याला मिळू शकणाऱ्या सर्वाधिक रकमेच्या) वर मात्र जात नाही. तो काढायचा तर त्या खेळाडूवरचा हक्क लेखी सोडावा लागतो, म्हणजेच रिनाउन्स करावं लागतं. आणि एकदा हक्क सोडला की त्या उन्हाळ्यात बर्ड हक्काच्या जोरावर त्याला कॅपच्या वर जाऊन परत घेता येत नाही.

आणखी एक बारीक रक्कम कागदावर विसरली जाते. करार आणि होल्ड मिळून बारा नावं होत नसतील तर प्रत्येक रिकाम्या जागेमागे नवख्या खेळाडूचा किमान पगार टीम सॅलरीत धरतात. २०२५-२६ मध्ये ही रक्कम जागेमागे सुमारे १२.७ लाख डॉलर. चारच खेळाडू ठेवून सगळं झाडून काढलेल्या संघाचा एक कोटीहून जास्त ‘मोकळा’ पैसा या रिकाम्या खुर्च्याच खातात.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते पाहायला फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सचा २०२४ चा उन्हाळा सगळ्यांत उपयोगी. त्या वर्षी कॅप १४.०६ कोटी होती. संघाकडे जोएल एम्बीड होता, ५.१४ कोटी पगाराचा. टायरीस मॅक्सीचा पहिला करार संपत होता आणि तो पूर्ण कमाल रकमेला पात्र होता. बाहेरून पॉल जॉर्ज हवा होता, तोही कमाल रकमेला.

मॅक्सीचा २०२३-२४ चा पगार होता ४३.४ लाख. सरासरीच्या खाली, म्हणून होल्ड ३०० टक्के, म्हणजे १.३० कोटी. त्याचा नव्या कराराचा पहिल्या वर्षाचा पगार मात्र कॅपच्या २५ टक्के, म्हणजे ३.५१ कोटी होणार होता. त्याने २०२३ च्या शरद ऋतूत मुदतवाढ घेतली असती तर १ जुलै २०२४ ला थेट ३.५१ कोटी हिशेबात बसले असते. ती न घेतल्यामुळे उन्हाळाभर त्याच्या नावापुढे १.३० कोटीच राहिले. फरक २.२१ कोटींचा, आणि सगळा खेळ त्यातच होता.

हिशेब मांडून पाहा (कोटी डॉलरमध्ये):

एम्बीड ५.१४
जॉर्ज, दहा वर्षांहून जास्त अनुभव, म्हणून कॅपच्या ३५ टक्के: ४.९२
मॅक्सीचा होल्ड १.३०
पहिल्या फेरीतला नवा खेळाडू जॅरेड मॅकेन ०.४०
रिकी काउन्सिल ०.१९
सात रिकाम्या जागा, प्रत्येकी सुमारे ११.६ लाख: ०.८१

बेरीज १२.७६ कोटी. उरले सुमारे १.३ कोटी. त्यात प्रत्येक सहीमागे एक रिकामी जागा भरते, म्हणजे ११.६ लाख परत मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन मधल्या फळीच्या खेळाडूंना पुरेल एवढं. आंद्रे ड्रमंड आणि केलेब मार्टिन त्यातच बसले. केली उब्रेला रूम एक्सेप्शन (कॅपच्या खाली उतरलेल्या संघाला मिळणारी छोटी सवलत) वापरून परत घेतलं, कारण तिला कॅपमध्ये जागा लागत नव्हती. मॅक्सीची सुमारे २०.४ कोटींची पाच वर्षांची सही मात्र त्याच्या बर्ड हक्कावर होती. अशी सही संघ कॅपच्या वर असतानाही करता येते, म्हणून जागा खाणारे करार आधी आणि ही नंतर.

हाच क्रम उलटा केला असता तर? मॅक्सीचे ३.५१ कोटी आधी धरले की उरलेल्या १.३ कोटींतून २.२१ कोटी वजा होतात, म्हणजे सुमारे ९० लाखांची तूट. जॉर्जला कमाल रकमेऐवजी चार कोटींच्या आसपास पगार सांगावा लागला असता, ड्रमंड आणि मार्टिनचा तर प्रश्नच नव्हता. त्या पैशात जॉर्ज आला असता का, हे वाचकाने ठरवावं.

या हिशेबात दोन गोष्टी आधी साफ कराव्या लागल्या. टोबायस हॅरिसचा मागचा पगार ३.९३ कोटी, त्याचे दीडपट म्हणजे ५.८९, पण कमाल मर्यादेमुळे होल्ड ४.९२ कोटी. तो सोडल्याशिवाय एक डॉलरही मोकळा होत नव्हता. दुसरा पॉल रीड. २०२३ मध्ये युटाने त्याला तीन वर्षांच्या कराराची ऑफर शीट दिली होती आणि फिलाडेल्फियाने ती मॅच केली, म्हणजे त्याच अटींवर त्याला ठेवलं. तिच्यातलं एक कलम चतुर होतं: पुढच्या वर्षीचा सुमारे ७७ लाखांचा पगार पक्का होणार की नाही, हे संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत पोचतो का यावर अवलंबून होतं. पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क निक्सने त्यांना हरवलं, पगार पक्का झाला नाही, आणि जुलैत रीडला एक पैसाही न देता सोडता आलं. ७७ लाख म्हणजे जवळजवळ आख्खा मार्टिन. प्लेऑफमधला पराभव असा कॅपच्या कामी क्वचितच येतो.

ही मांडणी यशस्वी व्हायला मॅक्सीने थांबणं गरजेचं होतं, आणि थांबण्यात जोखीम त्याची एकट्याची होती. दुखापत झाली असती तर पक्का करार हातात नव्हता. संघही ‘पुढच्या वर्षी नक्की देतो’ असं लिहून देऊ शकत नाही. छुपे करार लीग खपवून घेत नाही: जो स्मिथच्या प्रकरणात मिनेसोटाला २००० मध्ये ३५ लाख डॉलर दंड झाला आणि पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क काढून घेतले गेले, त्यातले काही नंतर परत मिळाले. म्हणून खेळाडूशी आणि एजंटशी असलेला विश्वास हीसुद्धा कॅपच्या हिशेबातली वस्तू आहे, तिला रकाना नाही एवढंच. पुढे २०२४-२५ मध्ये एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१, आणि संघ २४ जिंकून ५८ हरला. हिशेब निर्दोष होता. गुडघे हिशेबात येत नाहीत.

आता बर्ड हक्कांकडे, कारण कोणाला ठेवता येईल याचं उत्तर तिथे आहे. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हा हक्क खेळाडू तीन हंगाम फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून संघ न बदलता खेळला की पूर्ण होतो. ट्रेड, म्हणजे संघांमधली अदलाबदल, झाली तर हक्क नव्या संघाकडे जातो, घड्याळ तुटत नाही. दोन हंगाम झाले असतील तर अर्ली बर्ड: मागच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. एकच हंगाम असेल तर नॉन-बर्ड, आणि त्यात मागच्या पगाराच्या जेमतेम १२० टक्के.

या शेवटच्या पायरीवर डेन्व्हर घसरला. २०२२ मध्ये त्यांनी ब्रूस ब्राउनला सुमारे ६५ लाखांच्या सवलतीतून घेतलं. तो त्यांच्या २०२३ च्या विजेतेपदातला महत्त्वाचा खेळाडू ठरला आणि त्याने दुसऱ्या वर्षाचा आपला ऑप्शन (ते वर्ष खेळायचं की करार संपवायचा हे ठरवण्याचा हक्क) नाकारला. डेन्व्हरच्या हातात ६५ लाखांचे १२० टक्के, म्हणजे ७८ लाख. इंडियाना पेसर्सने दोन वर्षांचे ४.५ कोटी दिले. मालकाची पैसे द्यायची तयारी असली-नसली तरी फरक पडत नव्हता, नियमात मार्गच नव्हता. म्हणून छोट्या सवलतीतून चांगला खेळाडू घेताना पहिल्याच दिवशी विचारावं की तो चमकला तर दुसऱ्या वर्षी त्याला ठेवायला काय हातात असेल. दुसऱ्या वर्षाचा ऑप्शन खेळाडूकडे द्यायचा की संघाकडे ठेवायचा, ही घासाघीस त्या दिवशी किरकोळ वाटते. बारा महिन्यांनी ती कोटींची निघते.

पुढचा मोठा निर्णय: कॅपच्या खाली उतरायचं की वरच राहायचं. कागदावर ८० लाखांची जागा दिसली की चाहते खूश होतात, पण ती जागा वापरण्याची किंमत असते. खाली उतरणाऱ्या संघाला मोठी मिड-लेव्हल सवलत, द्वैवार्षिक सवलत (दोन्ही कॅपच्या वर असतानाही बाहेरचा खेळाडू घेऊ देणाऱ्या) आणि ट्रेडमधून साठलेल्या सगळ्या ट्रेड एक्सेप्शन, म्हणजे पुढे पगार घेऊ देणाऱ्या सवलती, सोडाव्या लागतात, कारण या सवलती वापरेपर्यंत टीम सॅलरीतच धरल्या जातात. २०२५-२६ चे आकडे असे: मोठी मिड-लेव्हल १.४१ कोटी, द्वैवार्षिक ५१ लाख. मिळून १.९२ कोटी. बदल्यात मिळते ती रूम एक्सेप्शन, ८८ लाखांची. म्हणजे निव्वळ तोटा १.०४ कोटी, शिवाय सोडून दिलेल्या खेळाडूंचे हक्क गेलेच. माझा ठोकताळा: होल्ड, रिकाम्या जागा, ड्राफ्ट सगळं धरून खरी जागा दीड कोटीच्या आत असेल तर खाली उतरू नये. एक कोटी आणि दीड कोटीच्या मधली जागा कागदावर फायद्याची दिसते, पण एवढ्यात बाजारात मिळणारा खेळाडू साधारणपणे मिड-लेव्हलवरही मिळतो.

जागा असलीच तर ती फ्री एजंटवर उधळलीच पाहिजे असं नाही. २०२५ मध्ये मोठी जागा जवळजवळ एकट्या ब्रुकलिन नेट्सकडे होती. त्यांनी ती दुसऱ्यांचे नकोसे पगार गिळायला वापरली. डेन्व्हरकडून मायकल पोर्टर ज्युनियरचा ३.८३ कोटींचा करार घेतला, कॅमेरॉन जॉन्सन दिला, आणि त्या उपकाराचे पैसे म्हणून डेन्व्हरचा २०३२ चा पहिल्या फेरीचा हक्क घेतला. बाजारात ग्राहक एकच असला की तो भाव ठरवतो.

वरच राहायचं ठरलं की पुढचा सापळा हार्ड कॅपचा. काही कृती केल्या की त्या हंगामापुरती एप्रनची रेषा भिंत बनते, ३० जूनपर्यंत एक डॉलरनेही ओलांडता येत नाही. मोठी मिड-लेव्हल सवलत तिच्या टॅक्स भरणाऱ्या संघांसाठीच्या छोट्या ‘टॅक्सपेयर’ रकमेपलीकडे वापरली, द्वैवार्षिक सवलत वापरली, साइन-अँड-ट्रेडने (जुन्या संघाने सही करून लगेच ट्रेड केलेला) खेळाडू घेतला किंवा ट्रेडमध्ये दिल्यापेक्षा जास्त पगार परत घेतला, तर भिंत पहिल्या एप्रनवर. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा घेतला, ट्रेडमध्ये रोख पैसे पाठवले किंवा टॅक्सपेयर सवलत वापरली, तर दुसऱ्या एप्रनवर.

मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्याचे प्रमुख मालक आहेत, आणि जो २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्सविरुद्ध दोन सामने खेळून गेला, तो सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ २०२४ मध्ये याच वाटेने गेला. डेमार डिरोझनला शिकागोकडून साइन-अँड-ट्रेडने घेतलं, तीन वर्षांचे सुमारे ७.४ कोटी, आणि त्यासाठी हॅरिसन बार्न्सला सॅन अँटोनियोला पाठवलं. सही होताच त्या हंगामाची भिंत १७.८१ कोटींवर उभी राहिली. एवढ्या नावाचा खेळाडू कॅप स्पेस नसताना मिळाला ही कमाई, पण पुढचे बारा महिने प्रत्येक ट्रेड आणि प्रत्येक किमान करार त्या भिंतीला टेकून मोजायचा. इथे एक बारीक पाचर आहे. कॅपसाठी करारातले ‘संभाव्य नसलेले’ बोनस धरत नाहीत, एप्रनसाठी धरतात. खेळाडू ऑल-स्टार होण्याची शक्यता नगण्य असली तरी त्याचा त्याबद्दलचा बोनस भिंतीच्या हिशेबात जातो. म्हणून हार्ड कॅप ओढवून घेण्याआधी निदान दोन किमान करारांएवढी, म्हणजे ४५-५० लाखांची, गादी ठेवावी. जानेवारीत दोघे जायबंदी झाले आणि बदली खेळाडूला घ्यायला जागा नाही, अशी वेळ याच कंजुषीमुळे येते.

दुसऱ्या एप्रनच्या वर गेलेल्या संघाची अवस्था आणखी बिकट. मिड-लेव्हल सवलत नाही. दोन पगार जोडून एक खेळाडू घेता येत नाही: १.२ कोटी आणि ९० लाखांचे दोघे देऊन दोन कोटींचा एक, हा साधा सौदा बेकायदेशीर. रोख पाठवता येत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा हक्क गोठतो, विकता येत नाही, आणि पुढच्या चार हंगामांपैकी दोनदा संघ पुन्हा वर राहिला तर तो हक्क थेट पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलला जातो, संघ कितीही वाईट खेळला तरी. फिनिक्स, मिनेसोटा आणि बॉस्टनचे २०३२ चे हक्क २०२४-२५ मुळे असेच गोठले.

बॉस्टन सेल्टिक्सचा २०२५ चा उन्हाळा म्हणजे या नियमांचा परिणाम. आदल्या वर्षीचा विजेता संघ, पण जेसन टेटमचा ५.४१ कोटींचा आणि जेलन ब्राउनचा ५.३१ कोटींचा पगार, म्हणजे दोघेच दहा कोटींच्या वर. त्यात मे महिन्यात टेटमच्या टाचेमागची अकिलीस शीर तुटली. वर राहण्यात अर्थच उरला नव्हता. जू हॉलिडेचे तीन वर्षांचे सुमारे १०.४ कोटी बाकी होते. त्याला पोर्टलंडला देऊन एकाच वर्षाचे २.७७ कोटी बाकी असलेला अँफर्नी सायमन्स घेतला. क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस ३.०७ कोटींचा, तो अटलांटाला गेला. परत आलेला पगार कमी आहे याहीपेक्षा तो लवकर संपतो, हे इथे पाहावं. दर वर्षी मिळणारी बचत आणि करारातून एकदाच मिळणारी सुटका या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सेल्टिक्सने दोन्ही एकाच ट्रेडमध्ये साधल्या.

टॅक्सचा भार किती चढतो तो एका उदाहरणात. २०२५-२६ मध्ये टॅक्सचा एक टप्पा सुमारे ५७ लाखांचा. पहिल्या टप्प्यात डॉलरमागे १ डॉलर, दुसऱ्यात १.२५, तिसऱ्यात एकदम ३.५०, मग ४.७५. मागच्या चार हंगामांत तीनदा टॅक्स भरलेल्या संघाला तेच दर ३, ३.२५, ५.५० आणि ६.७५. रेषेच्या १.२ कोटी वर असलेल्या साध्या संघाला सुमारे दीड कोटी भरावे लागतात, वारंवार भरणाऱ्याला ३.९ कोटी. दोन्ही संघ तिसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी आहेत. या जागेवर २३ लाखांचा किमान करारवाला आणखी एक खेळाडू घेतला तर वारंवार भरणाऱ्याला त्याचा टॅक्सच सुमारे सव्वा कोटी पडतो. मात्र टॅक्स मोजतात नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशीच्या रकमेवर, म्हणून फेब्रुवारीतल्या ट्रेडच्या मुदतीला बाकावरचे खेळाडू दुसऱ्या फेरीच्या हक्कासकट वाटले जातात. ऑक्टोबरमध्ये २०-३० लाखांनी वर असलेल्या संघाने घाबरायचं कारण नाही. १.२ कोटींनी वर असलेल्याने मात्र आजच फोन करायला घ्यावा.

उरला तो अघोरी उपाय, स्ट्रेच. खेळाडूला सोडायचं आणि बाकी रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांत पसरायची. २०२५ मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डची सुमारे ११.२६ कोटींची दोन वर्षं पाच वर्षांत पसरली, वर्षाला २.२५ कोटी, आणि त्यातून निघालेल्या जागेत माइल्स टर्नरला आणलं. टर्नरचा खरा भाव त्याच्या पगारात २.२५ कोटी मिळवून काढावा, आणि लिलार्डचं देणं २०२९-३० पर्यंत चालेल हेही धरावं.

स्ट्रेचलाही मर्यादा आहे: अशा मृत रकमा एका हंगामात कॅपच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नयेत. २०२५-२६ साठी ते २.३२ कोटी होतात. फिनिक्सची अडचण याच रेषेवर झाली. ब्रॅडली बीलचे ११.०८ कोटी बाकी, पाचाने भागले तर २.२२ कोटी. ते एकटे बसले असते. पण नासिर लिटलचे सुमारे ३१ लाख आणि ई. जे. लिडलचे सुमारे ७ लाख आधीच पसरलेले होते, मिळून २.६० कोटी. नियमात बसवायला बीलने १.३९ कोटी सोडावे लागणार होते, आणि बायआउटमध्ये (काही रक्कम सोडून करार संपवण्याची तडजोड) त्याने नेमके तेवढे सोडले: ९.६९ कोटी भागिले पाच, १.९४ कोटी, अधिक जुने ३८ लाख, बरोबर २.३२. बातम्यांत ‘बीलने पैसे सोडले’ एवढंच आलं. ती रक्कम का, याचं उत्तर लिटल आणि लिडलच्या जुन्या, किरकोळ वाटलेल्या निर्णयांत होतं. स्ट्रेच वापरायचाच तर ३१ ऑगस्टपर्यंत वापरावा. त्यानंतर चालू हंगामाचा पगार पूर्ण बसतो, फक्त पुढची वर्षं पसरतात.

करार लिहितानाचा उतार फारसा कोणी पाहत नाही. बर्ड हक्कावर दर वर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढ देता येते, तशी घटही करता येते. चार वर्षांचे एकूण दहा कोटी चढते लिहिले तर पहिल्या वर्षी २.२३ कोटी, उतरते लिहिले तर २.८४ कोटी. आज जागा हवी असेल तर चढता. दोन वर्षांनी तरुण खेळाडूंचे मोठे करार सुरू होऊन एप्रन जवळ येणार असेल तर उतरता. ट्रेडच्या बाजारातही उतरता करार दरवर्षी सोपा होत जातो. खेळाडूला एकूण रक्कम तीच मिळते, त्यामुळे एजंट यात फारसा अडत नाही.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. स्वतःच्या फ्री एजंटशी बोलणी अंतिम फेरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून करता येतात, बाहेरच्यांशी ३० जूनच्या संध्याकाळपासून. ऑप्शन आणि रिस्ट्रिक्टेड खेळाडूंच्या (ज्यांची बाहेरची ऑफर जुना संघ मॅच करू शकतो) क्वालिफाइंग ऑफरची, म्हणजे तो हक्क राखायला द्यायच्या ऑफरची, मुदत बहुतेक २९ जूनची, म्हणजे बाजारभाव कळायच्या आधीच अर्धे निर्णय होतात. ६ जुलैच्या दुपारपर्यंत बहुतेक सह्या होत नाहीत, आणि संघ याच सहा दिवसांत तोंडी ठरलेले सौदे योग्य क्रमाने रचतात. आधी जागा मोकळी करणाऱ्या ट्रेड आणि सुटका, मग हक्क सोडणं, मग बाहेरचे मोठे करार आणि ट्रेडमध्ये गिळायचे पगार, मग स्वतःचे बर्ड खेळाडू, मग रूम एक्सेप्शन, आणि किमान करार अगदी शेवटी, कारण त्यांना जागा लागतच नाही. किमान करारवाल्याची सही घाईने आधी केली तर त्याचा पगार विनाकारण जागा खातो, ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते.

या किमान करारांतही वाचवायला वाव असतो. तीन किंवा अधिक वर्षं खेळलेल्याला एका वर्षाचा किमान करार दिला तर त्याला अनुभवाप्रमाणे जास्त पैसे मिळतात, पण संघाच्या हिशेबात दोन वर्षं अनुभववाल्याचीच रक्कम लागते, २०२५-२६ मध्ये सुमारे २३ लाख. वरचा फरक लीग भरते. दोन वर्षांचा किमान करार केला की ही सूट जाते. शिवाय किमान पगार दिवसाच्या हिशेबाने कमी होत जातो. पंधरा जागा भरणं सक्तीचं नाही, चौदा पुरतात, आणि चौदाच्या खालीही सलग चौदा दिवसांपर्यंत राहता येतं. म्हणून हार्ड कॅपला टेकलेला संघ पंधरावी जागा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रिकामी ठेवतो आणि हंगामाचे १७४ दिवस निम्मे सरले की तीच सही निम्म्या किमतीत करतो.